बेनीच्या मागच्या दोन खुर्च्या

लुबा ह्रिसाकनं ती दोन तिकिटं शुक्रवारी दुपारी विकली. शाळेची बस डेपोत लावली, मागच्या बाकांवर कुणाचं दप्तर राहिलं नाही ना ते पाहिलं, आणि चालकाच्या जागेवर बसूनच फोनवर बोट टेकवलं. झालं. एवढ्या मोठ्या कर्माला एवढेसे कष्ट पुरावेत, याचंच तिला आधी नवल वाटलं. पूर्वी बर्फावरच्या हॉकीचं तिकीट विकायचं म्हणजे स्टेडियमबाहेर कडाक्याच्या थंडीत उभं राहून, चोरासारखं इकडंतिकडं बघत कुणाच्या तरी कानाशी लागावं लागे. तेव्हा निदान लाज वाटायला वेळ तरी मिळायचा.

तीन हजार आठशे डॉलर. पहिल्या बाद फेरीचा सातवा आणि निर्णायक सामना, रविवारी दुपारी, घरच्या बर्फावर. जिंकेल तो पुढं जाणार, हरेल तो उन्हाळाभर मासे पकडत बसणार. असल्या सामन्याला भाव चढतो हे तिला माहीत होतं, पण दोन खुर्च्यांना आपल्या दीड महिन्याच्या पगाराएवढा चढेल असं वाटलं नव्हतं. बाई स्टिअरिंग धरून तशीच बसून राहिली. आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. कारण त्या दोनांपैकी एक खुर्ची कॉर्नींची होती.

कॉर्नी ड्यूक तिच्या शेजारच्या घरात राहायचे. ऐंशी ओलांडलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, हयात बेकरीत पाव भाजण्यात गेलेली. पंथानं मेनोनाइट, आणि मेनोनाइट म्हणजे कसे, तर खोटं बोलायचं नाही आणि कुणाचं फुकट घ्यायचं नाही, या दोन खांबांवर उभे. विनिपेगचा संघ पैशांअभावी शहर सोडून निघाला होता तेव्हा कॉर्नींनी बेकरीच्या गल्ल्याशेजारी बरणी ठेवली होती. शाळकरी पोरांनी खाऊचे पैसे टाकले, म्हाताऱ्यांनी पेन्शनमधली चिल्लर टाकली. चिल्लर कमी पडली आणि संघ गेला. पंधरा वर्षांनी तो परत आला तेव्हा लुबा आणि कॉर्नींनी पहिल्याच दिवशी अर्ध्या हंगामाच्या दोन शेजारशेजारच्या खुर्च्या घेतल्या. लुबाचा नवरा तोवर थंडर बे शहरात दुसरा संसार थाटून बसला होता, त्यामुळं सोबतीचा प्रश्न नव्हता. कॉर्नींकडं ईमेल नव्हता, म्हणून सगळं लुबाच्या नावावर. दर एप्रिलमध्ये कॉर्नी आपल्या निम्म्या वाट्याच्या नोटा पाकिटात घालून कुंपणावरून तिच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, “मोजून घे गं. नंतर भांडण नको.”

भानगड पाच वर्षांपूर्वी सुरू झाली. त्या वर्षी क्लबानं भाव वाढवले आणि नेमकं त्याच वर्षी कॉर्नींच्या घराचं छप्पर गळायला लागलं. एवढ्यात म्हाताऱ्याला सांगायला नको, म्हणून लुबानं जुनाच आकडा सांगितला आणि वरचे पैसे स्वतः भरले. एका वर्षाचा तर प्रश्न होता. पुढच्या वर्षी भाव आणखी चढला. आता खरं सांगायचं तर गेल्या वर्षीचं खोटंही कबूल करावं लागणार! तिनं पुन्हा जुनाच आकडा सांगितला. आंबवायला ठेवलेल्या पिठासारखं ते खोटं आपोआप फुगत गेलं. आता तर कॉर्नींच्या पाकिटातून एका खुर्चीची अर्धी किंमतसुद्धा निघत नव्हती. आणि हे महाशय स्टेडियममध्ये आपल्या रांगेतल्या लोकांना ऐकवायचे, “उगाच ओरडता तुम्ही भाव वाढले म्हणून. आमचे नाही बुवा वाढले. जुन्या गिऱ्हाइकांची क्लबाला कदर आहे.” लुबा तेव्हा बुटाची नाडी बांधायला खाली वाकायची.

यंदा मात्र तिचंच गणित बसेना. शाळेनं बसचे दोन मार्ग एकत्र केले आणि तिचे तास कापले. पुढच्या हंगामाचे पैसे महिनाअखेर भरायचे होते. भरले नाहीत तर खुर्च्या जाणार. आणि या शहरात खुर्ची सोडणं म्हणजे नुसती खुर्ची सोडणं नव्हे. खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या की संघ पुन्हा गाशा गुंडाळेल, ही धास्ती इथं लहान पोरांनासुद्धा असते. म्हणून तिनं मनाची समजूत घातली: एक सामना विकायचा आणि खुर्च्या वाचवायच्या. आपली एकटीची विकावी असंही तिच्या मनात आलं होतं, पण सुट्या खुर्चीला कुणी धड विचारीना. लोकांना जोडी लागते.

घरी आल्यावर तिनं कुंपणापाशी जाऊन ठरवलेलं वाक्य म्हणून टाकलं. “कॉर्नी, वाईट बातमी आहे. सातव्या सामन्याला क्लबानं जुन्या लोकांत सोडत काढली. आपला नंबर नाही लागला.”

कॉर्नी पन्हळीतली कुजकी पानं काढायला शिडीवर चढले होते. ते तिथूनच म्हणाले, “सोडत? मग संपलंच. चर्चच्या सहलीत मला कधी साबणाची वडीसुद्धा लागली नाही. माझ्याच नशिबाचा वारा तुला लागला बघ.”

“तुमचं काय त्यात?”

“तू नको मनाला लावून घेऊ पोरी. तुझा टीव्ही मोठा आहे, तिथंच बघू. त्स्वीबाक भाजून आणतो.”

ते चिडले असते तर बरं झालं असतं, असं लुबाला वाटलं. त्या रात्री तिनं पुढच्या हंगामाचे पैसे भरून टाकले, दोन्ही खुर्च्यांचे. पैसे भरल्यावर तरी झोप लागेल अशी तिची अपेक्षा होती.

रविवारी चर्च आटोपून कॉर्नी आले ते नखशिखांत पांढरे. बाद फेरी लागली की सगळं शहर पांढरं नेसतं. कुणी चादर पांघरतं, कुणी लग्नातला झगा बाहेर काढतं. कॉर्नींकडं बेकरीतला जुना डगला होता, कडक इस्त्रीचा. त्या डगल्यामुळं रांगेतले लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे. एका हातात त्स्वीबाकची पिशवी, म्हणजे पावावर पाव बसवलेले ते दोन मजली लोण्याचे पाव, आणि दुसऱ्या हातात सूर्यफुलाच्या भाजलेल्या बिया.

“हे काय? तू अशी निळी?” त्यांनी दारातच विचारलं.

“पांढरं धुवायला टाकलंय.”

“आज? सातव्या सामन्याला?” कॉर्नींनी छातीवर हात ठेवला. “हरलो तर तुझ्यावर बिल फाडणार मी.”

लुबा हसली. हसताना गाल दुखतात हे तिला त्या दिवशी कळलं. तिनं लोणी काढलं, कॉफी ओतली, टरफलं टाकायला वाटी ठेवली. पडद्यावर सगळं स्टेडियम पांढरंशुभ्र उसळत होतं. कॉर्नी सोफ्याच्या टोकावर बसून बिया फोडत होते आणि पंचाच्या सात पिढ्यांचा सौम्य मेनोनाइट भाषेत उद्धार करत होते.

पहिला टप्पा संपत आला होता. खेळ थांबला आणि कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला. त्या पांढऱ्या गर्दीत दोन लालभडक ठिपके होते. पाहुण्या संघाचे लाल अंगरखे घातलेलं एक तरुण जोडपं हात उंचावून नाचत होतं. समालोचक खिदळला, “हे दोघं इथं कसे शिरले कोण जाणे!”

“बघ तरी निर्लज्जपणा,” कॉर्नी म्हणाले. मग ते पुढं झुकले. “लुबा, हा पुढं घंटा घेऊन बसलाय तो आपला बेनीच ना?”

बेनी गिमाँ गाईच्या गळ्यातली घंटा घेऊन चौदा वर्षं त्यांच्या पुढच्याच खुर्चीत बसायचा. त्याला ओळखायला चष्माही लागत नसे.

“बेनीच आहे. म्हणजे त्याच्या मागं...” कॉर्नींच्या हातातल्या बिया वाटीत पडल्या. “अगं, त्या आपल्या खुर्च्या आहेत!”

“दुसऱ्या कुणाला लागल्या असतील सोडतीत.”

“लाल कपडेवाल्यांना? जुन्या लोकांच्या सोडतीत?” म्हातारा उठून उभाच राहिला. “ही सोडत नव्हे, ही चोरी आहे. आपल्याला भोळसट समजून फसवलं यांनी. उद्या सकाळी मी स्वतः जातो त्या कचेरीत. म्हणतो, या बाईचे कष्टाचे पैसे आहेत. एक वर्ष चुकली नाही ती. तू बोलू नकोस तिथं, तू फार भिडस्त आहेस. मी बोलतो.”

“बसा ना कॉर्नी. कॉफी निवतेय.”

“कॉफी गेली खड्ड्यात!”

हा त्यांचा आयुष्यातला सगळ्यात जहाल शब्द असावा. लुबाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आपल्यासाठी कुणी एवढं तावातावानं भांडायला उठलं त्याला किती वर्षं झाली, आणि उठलं तर असं!

तेवढ्यात कॉर्नींच्या खिशातला जुना घडीचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून आवाज नेहमी टिपेला असायचा. मागच्या गलक्यासकट बेनी सगळ्या खोलीत ऐकू आला.

“डॉक्टर! म्हाताऱ्या, जिवंत आहेस ना? मला वाटलं आटोपलास!”

“जिवंत आहे. तुझ्या मागं कोण बसलंय ते सांग.”

“तेच विचारायला केला ना फोन! कॅल्गरीची पोरं आहेत. फोनवरून घेतली म्हणतात, खुर्चीच्या मालकाकडूनच. सगळं रीतसर आहे, मी बघितलं. चार हजारांच्या आसपास मोजलेत बावळटांनी. अरे, पण मालक म्हणजे तुम्हीच ना? तू किंवा लुबा?”

कॉर्नींनी लुबाकडं पाहिलं. ती टरफलांच्या वाटीकडं पाहत होती. बाहेर कुणीतरी गाडीचा भोंगा वाजवत गेलं.

“हो,” कॉर्नी फोनमध्ये म्हणाले. “मीच सांगितलं तिला विकायला. माझा गुडघा, बेनी. पायऱ्या चढवत नाहीत. आणि ती मला सोडून एकटी कशी येणार?”

“असं होय! मग ठीक. मला वाटलं, लुबा असं कधी करायची नाही. गुडघा शेक. पुढच्या फेरीला उचलून नेतो तुला.”

परवा शिडीवर चढलेल्या गुडघ्यावर हात ठेवून कॉर्नी सोफ्यावर बसले. फोन मिटून त्यांनी तो जपून खिशात घातला. ते आयुष्यात किती वेळा खोटं बोलले असतील? लुबाला वाटलं, हीच पहिली वेळ असेल, आणि तीही माझ्यापायी.

“आता सांग,” ते म्हणाले.

“मी विकली. शुक्रवारी. सोडतबिडत काही नव्हतं.”

“बेनी म्हणतो तेवढ्यालाच?”

“तीन हजार आठशे.”

कॉर्नींनी शीळ घातल्यासारखे ओठ केले, पण आवाज निघाला नाही. टीव्हीवर दुसरा टप्पा सुरू झाला होता. दोघांचंही तिकडं लक्ष नव्हतं.

“चुकलं माझं. अर्धे पैसे तुमचेच आहेत, मी...”

“पैशाचं सोड. अडचण होती का तुला?”

तिनं मान डोलावली.

“मग मला सांगायचं नाही? मी काय परका आहे? बँकेत थोडे आहेत माझे, दिले असते.” त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट समजावणीचा होता, आणि तोच तिला सोसवेना. “तिकडं माझी बायको गेली, इकडं हॉकी होती म्हणून हिवाळे निघाले माझे. ती खुर्ची म्हणजे काय आहे माझ्यासाठी हे तुला ठाऊक आहे. बरं, तुझ्या जिवावर बसत होतो असंही नाही. मी गरीब असेन, पण दर एप्रिलला माझा वाटा पै न् पै तुझ्या हातात ठेवलाय. चौदा वर्षांत एक डॉलर कमी दिला असेन तर सांग. मग ती विकण्याआधी मला एका शब्दानं विचारायला नको?”

इथं गप्प बसायचं होतं. नंतर लुबानं हजार वेळा स्वतःला हेच बजावलं. म्हातारा बोलत होता ते त्याच्या समजुतीप्रमाणं सोळा आणे खरं होतं. मान खाली घालून ऐकून घेतलं असतं, तर लोभी म्हणून ती त्याच्या मनातून उतरली असती आणि एवढ्यावर भागलं असतं. पण दोन दिवस अपराधानं पिचलेलं माणूस कधी कधी उलटून चावतं. पाच वर्षं कमी केलेला किराणा, फाटका हिवाळी कोट, रद्द केलेला दातांचा डॉक्टर, सगळं एकदम तिच्या जिभेवर आलं.

“डॉलर नाही कॉर्नी, हजार! पाच वर्षं तुम्ही जुन्या भावानं पैसे देताय. भाव कधीच दुप्पट झालाय. वरचे कोण भरतं वाटतं तुम्हाला? क्लबाला तुमची कदर आहे म्हणून?”

बोलून झाल्यावर तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

कॉर्नींची बोटं डगल्याच्या शिवणीवर हळूहळू हलत होती; मनातल्या मनात हिशेब चालला असावा. तेवढ्यात पडद्यावर आपल्या संघाच्या एका पोरानं गोल केला. शेजारची घरं, रस्ता, अख्खं शहर एका गळ्यानं ओरडलं, भिंतीवरची चित्रं थरथरली. त्या गोलच्या गोष्टी विनिपेगमध्ये अजून वर्षानुवर्षं सांगतील. लुबा आणि कॉर्नींनी तो पाहिला नाही.

“खरा भाव काय आहे?” त्यांनी विचारलं.

तिनं सांगितला. आता लपवून उपयोग नव्हता.

“एका खुर्चीचा?”

“एका खुर्चीचा. कॉर्नी, ऐका माझं, मला तसं म्हणायचं नव्हतं. तुमचं छप्पर गळत होतं तेव्हा. मी आपणहून...”

“हो, छप्पर,” ते म्हणाले. “चांगलं मन आहे तुमचं.” ते उठले, टरफलांची वाटी स्वयंपाकघरात नेऊन रिकामी केली, आपली बशी विसळून पालथी घातली. मग दाराशी येऊन बूट घातले. “मिसेस ह्रिसाक, पाहुण्याला विचारून कुणी आपली खुर्ची विकत नाही. तुम्ही केलंत ते बरोबर केलंत. मी उगाच आवाज चढवला, माफ करा.”

चौदा वर्षांत त्यांनी तिला असं आडनावानं कधी हाक मारली नव्हती. पांढरा डगला घातलेला तो म्हातारा फाटकातून बाहेर पडला तेव्हा रस्त्यावर पोरं नाचत होती. त्यांना वाटलं, आजोबा गोल साजरा करायला आलेत. त्यांनी त्यांच्या पाठीवर थापा मारल्या. कॉर्नींनी सगळ्यांशी हात मिळवला आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.

संघ जिंकला. त्या शनिवारी लुबाच्या पायरीवर ताज्या त्स्वीबाकची भली मोठी पिशवी होती. दाराची घंटा न वाजवता ठेवून गेलेले. पुढच्या शनिवारी पुन्हा. हे शेजारधर्माचे पाव नाहीत, ही परतफेड आहे, हे कळायला तिला वेळ लागला नाही. खायची तिला लाज वाटत होती, आणि परत करायची तर तिची प्राज्ञाच नव्हती. तिनं ते शाळेच्या बसमधल्या पोरांना वाटले.

दुसऱ्या फेरीचा घरचा सामना गुरुवारी होता. बुधवारी ती धीर करून त्यांच्या दारी गेली.

“उद्या संध्याकाळी निघू या लवकर. गाडी लावायला जागा मिळत नाही.”

“उद्याचा भाव काय आहे?” कॉर्नींनी विचारलं. चेहऱ्यावर राग नव्हता. बाजारात भोपळ्याचा भाव विचारावा तसं विचारलं.

“मी कुठं मागतेय तुमच्याकडं?”

“ठाऊक आहे. तरी सांगा.”

तिनं सांगितला. त्यांनी थोडा विचार केला, मान हलवली.

“मला परवडत नाही,” ते म्हणाले.

एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडून निघू नये म्हणून ती पाच वर्षं झुरली होती. ते त्यांनी अगदी शांतपणं म्हटलं, थंडी वाजेल म्हणून तिच्या कोटाचं वरचं बटण लावायला सांगितलं, आणि दार लोटून घेतलं.

लुबा एकटी गेली. दुसरी खुर्ची विकायची तिची छाती झाली नाही. रांगेत बसल्या बसल्या बेनी घंटा मांडीवर ठेवून मागं वळला.

“डॉक्टर कुठाय?”

“गुडघा,” लुबा म्हणाली.

“अजून?” बेनीनं तिच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. “हं. गेल्या वर्षी पोलीनची पाठ. मॅक्लाउड नवरा-बायकोला म्हणे आवाज सोसेना. तिकडचा तो पोस्टमन आठवतो? त्याला एकाएकी चक्कर यायला लागली. धडधाकट माणूस! आपल्या रांगेला काय साथ लागलीय कळत नाही.”

लुबानं रांगेवरून नजर फिरवली. पोलीनच्या जागी एक तरुण फोनवर कुणाला तरी बर्फ दाखवत होता. मॅक्लाउडांच्या खुर्च्यांवर कुठल्याशा कंपनीचे पाहुणे होते, त्यांच्या पांढऱ्या टोप्यांची लेबलं अजून तशीच लटकत होती. हे सगळे आजारी आहेत असं ती इतके दिवस खरंच धरून चालली होती. पोलीनला तिनं बरी हो म्हणून कार्डही पाठवलं होतं.

खाली खेळाडू बर्फावर उतरले आणि लोक उठून उभे राहिले. बेनी उठला नाही. त्यानं आवाज खाली आणला.

“तुझं काही दुखत नाही ना अजून?”

“नाही,” लुबा म्हणाली, आणि आपला कोट काढून तिनं कॉर्नींच्या खुर्चीवर ठेवला, म्हणजे आणखी कुणी विचारायला नको.